बेळगावात जिल्हा उद्योग केंद्र वेगळं, चेंबर वेगळं

पुण्याहून आलेला माणूस उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, गाडीतून उतरला की पहिला प्रश्न ठरलेला: "इथं एमआयडीसीचं ऑफिस कुठं आहे?" बेळगावात एमआयडीसी नाही, ती कागलपर्यंत. इकडं केआयएडीबी, म्हणजे कर्नाटक सरकारचं औद्योगिक जमिनीचं मंडळ. हे पचलं की दुसरा प्रश्न येतो: "मग जिल्हा उद्योग केंद्र म्हणजेच चेंबर ना?"

नव्हे. पण हा घोटाळा होतो तो उगीच नाही. दोन्ही पाट्यांवर 'उद्योग' हा शब्द आहे आणि बाहेरच्या गुंतवणूकदाराला मदत करतो असं दोघंही म्हणतात. खोटं कोणीच बोलत नाही. मदतीचा प्रकार मात्र इतका वेगळा आहे की एकाचं काम दुसऱ्याकडं मागितलं तर सहा महिने आरामात जातात.

जिल्हा उद्योग केंद्र, म्हणजे डीआयसी, हे सरकारी खातं. देशभर ही केंद्रं 1978 पासून आहेत. कर्नाटकात पंधरा कोटी रुपयांपर्यंतच्या गुंतवणुकीचा प्रस्ताव जिल्हा पातळीवरच्या एक खिडकी समितीपुढं जातो. अध्यक्ष जिल्हाधिकारी (आपल्याकडं सगळे 'डीसी'च म्हणतात), आणि प्रस्ताव मांडण्याचं काम डीआयसीचं. आकडा त्याच्या वर गेला की फाइल बेंगळुरूला. अनुदान, सवलती, कुठल्या परवान्याला कुठलं खातं, हे सगळं डीआयसीत विचारायचं. तिथल्या माणसाला तुमचा प्रकल्प अहवाल लागतो, जागेचा कागद लागतो, उद्यम नोंदणी लागते. तुमचा माल चांगला की वाईट, हे ठरवणं त्याचं काम नाही.

बेळगाव चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्रीज ही व्यापारी-उद्योजकांनी स्वतः चालवलेली संस्था. तिच्या सहीला सरकारदरबारी परवान्याची किंमत नाही. पण तिथं चहाच्या कपावर जो भेटतो तो स्वतः भट्टी चालवणारा, नाहीतर हायड्रॉलिक पंप बनवणारा असतो. फाउंड्रीवाल्यांचं क्लस्टर, लघुउद्योजकांची संघटना, ही त्याच गोतावळ्यातली मंडळी. एकच माणूस दोन-तीन ठिकाणी सभासद असतो. त्यामुळं एका ठिकाणी नाव चांगलं झालं की तिन्हीकडं होतं. बिघडलं तरी तसंच.

माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांना पंपाच्या बॉडीचं कास्टिंग, म्हणजे ओतकाम, बेळगावातून करून हवं होतं. पुढं जमलं तर इथंच शेड टाकायची. ते पिशवीत नमुना घेऊन आधी सरकारी कचेरीत, म्हणजे डीआयसीत, गेले. नमुना पिशवीतच राहिला, कारण तो बघणं तिथल्या कोणाच्याच कामात बसत नव्हतं. हातात आली कारखान्यांची यादी आणि अर्जाचा नमुना. यादीतल्या नंबरांवर त्यांनी आठवडाभर फोन केले. अनोळखी आवाजाला "बघू, मेल करा" याच्यापुढं उत्तर मिळेना. चूक कचेरीची नव्हती. प्रश्न चुकीच्या दारात विचारला होता.

मग चेंबरच्या एका सभासदाला मध्ये घालून मी त्यांना एका फाउंड्रीत नेलं. मालकांनी कास्टिंग हातात घेतलं, अंदाजानं तोललं, हातोडीनं टकटक केली, कडेवरून अंगठा फिरवला.

"ग्रेड काय?"

"एफजी 260."

"पॅटर्न तुमचा की आम्ही करायचा? मशीनिंग कोण करणार? महिन्याला नग किती?"

नग ऐकल्यावर ते जरा थांबले. "आमच्याकडं एवढा पातळ सेक्शन नीट निघत नाही, ब्लोहोल येतात. खरं मच्छेला एकजण आहेत, त्यांच्याकडं निघेल. थांबा की, लावतो फोन."

चहा येईपर्यंत तीन फोन झाले: पातळ कास्टिंग काढणारा, पॅटर्न (ज्यावरून साचा पाडतात तो नमुना) करणारा आणि मशीनशॉपवाला. यातला एकही नंबर यादीत नव्हता असं नाही. होते सगळे. फक्त यादीतून केलेला फोन आणि "आमच्या माणसाला पाठवतोय" म्हणून केलेला फोन, यांना उचलणारा हात वेगळा असतो.

या गावाला हे जुनंच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावातच सायकलचं दुकान काढलं, मग चारा कापायची यंत्रं, लोखंडी नांगर. नगरपालिकेच्या निर्णयामुळं त्यांना जागा सोडावी लागली, आणि 1910 मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली ती औंधच्या राजांच्या मदतीनं. राजांशी आधीची ओळख होती म्हणून. (बेळगावकरांना ही गोष्ट सांगताना अजून थोडं वाईट वाटतं, ते सोडून द्या.)

उलटी चूकही होते. चेंबरमध्ये दोन बड्या माणसांशी हस्तांदोलन झालं की पाहुण्याला वाटतं, आता प्लॉट मिळाला. प्लॉट केआयएडीबी देतं, आणि लहान शेड किंवा प्लॉट पाहिजे असेल तर केएसएसआयडीसी, म्हणजे राज्याचं लघुउद्योग विकास महामंडळ. एमआयडीसीच्या 95 वर्षांच्या लीजची सवय असलेल्यांनी इथला लीज-कम-सेल करार नीट वाचावा. कारखाना अटीप्रमाणे उभा राहिल्यावर विक्रीपत्राची गोष्ट. होनगा, कणगला, हत्तरगीकडं महामार्गालगत खासगी जमीनही दाखवतात. 2020 च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते, पण घेतली म्हणजे त्यावर कारखाना बांधता आला असं नव्हे, बिगरशेतीचा नियम आपल्या जमिनीला कसा लागू होतो ते आधी विचारून घ्यावं. सातबारा मागू नका, इथं आरटीसी उतारा असतो, आणि तो कन्नडमध्ये.

भाषेचंही तसंच. शॉप फ्लोअरवर आणि चहाच्या टपरीवर मराठीत सगळं भागतं, अर्ज-निकाल मात्र कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत. म्हणून बरेच पाहुणे "दोन्हीकडं माझी ओळख आहे" म्हणणारा एखादा मधला माणूस पकडतात. माझं मत विचाराल तर त्याला पैसे भाषांतराचे आणि फाइल लिहून घेण्याचे द्या. ओळखीचे देऊ नका. पैसे घेऊन करून दिलेल्या ओळखीला उद्यमबागेत कोणी उधारी देत नाही.

उधारीवरून आठवलं. चेंबरच्या वाटेनं जोडलेला पुरवठादार बहुधा सूक्ष्म किंवा लघु उद्योगात नोंदलेला असतो. लेखी करार असला तरी त्याचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकवायचं असतं, मुदत उलटून ते वर्षअखेरीसही थकलेलं असेल तर तो खर्च त्या वर्षी तुमच्या आयकरात धरला जात नाही. त्या दंडापेक्षा मोठी गोष्ट ही, की ज्यानं तुमच्यासाठी तीन फोन लावले त्याला पुरवठादाराचा पहिला फोन जातो.

त्या गृहस्थांचं कास्टिंग आता दर महिन्याला टेम्पोनं पुण्याला जातं, मच्छेतून. त्यांचा पॅटर्न तिथल्या रॅकवर आहे, निळ्या रंगात नाव घातलेला. शेडची फाइल डीआयसीकडं वेगळी चालली आहे, आणि तिच्यासाठी चेंबरमध्ये कोणाला फोन करायचा नाही हे त्यांना आता कळलं आहे.