जिनिंगची भिंत आणि मेन रोड : वापरबदलामागची पार्श्वभूमी

आमच्या मेन रोडवरच्या एका किराणा दुकानाला अजून शटर नाही. सागवानी फळ्या आहेत आणि प्रत्येक फळीवर रंगानं आकडा टाकलेला आहे. आकडा चुकला की फळी खाचेत बसत नाही. फळ्यांमागे दुकान, त्यामागे अंगण अन् विहीर, वर माडीत कुटुंब. रस्त्याच्या समोरच्या बाजूला मात्र बंद पडलेल्या जिनिंगची, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याची, लांबच लांब भिंत. ती जागा विकास आराखड्यात औद्योगिक आहे. ती रहिवास आणि दुकानं अशा मिश्र वापराखाली आणायचा प्रस्ताव आता पुढे आलाय.

जिनिंग गावाच्या मध्यात आली कशी, हे समजायला कापसाकडे जावं लागतं. 1853 मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर इकडे वळली. 1867 पर्यंत रेल्वे नागपूरला पोचली. 1870 मध्ये जलंब-खामगाव फाटा सुरू झाला, पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ ही छोटी गाडी. गाठी वॅगनमध्ये भरायच्या म्हणून जिनिंग-प्रेसिंग स्टेशनजवळ उभी राहिली. जुनं गावठाण एकीकडे, स्टेशन दुसरीकडे; मधल्या बैलगाड्यांच्या वाटेवर अडत्ये, सराफ, कापडवाले बसले. विदर्भातल्या कित्येक तालुक्यांच्या गावांचा मेन रोड असाच घडला. यातल्या बऱ्याच जागा नझूलच्या, म्हणजे सरकारच्या मालकीच्या आणि भाडेपट्ट्यानं दिलेल्या. आखीव पत्रिका, म्हणजे जागेच्या मालकीचा सरकारी उतारा, काढली की ते आजही दिसतं.

रंग आले ते नंतर. 1966 चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम आला आणि आराखड्यात रहिवासाला पिवळा, व्यापाराला निळा, कारखान्याला जांभळा असे पट्टे पडू लागले. जिथं धुराडं होतं तिथं जांभळा, हे तेव्हा बरोबरच होतं. पण 1972 मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, खासगी खरेदी बंद झाली आणि अडतीच्या पेढ्या ओस पडल्या. पुढे नव्या जिनिंग हायवेला लागून निघाल्या. गावातली धुराडी थंडावली, रंग मात्र जांभळाच राहिला.

याचा फटका घरांना बसला. नळ, नाली, शाळा, दवाखाना असलेल्या जागेवर भिंत उभी, आणि माणसं गावाबाहेर शेतात पाडलेल्या प्लॉटवर, एनए म्हणजे बिगरशेती न झालेल्या जमिनीवर घर बांधताहेत. असे गुंठेवारीचे, म्हणजे शेताचे गुंठ्यागुंठ्यानं तुकडे करून विकलेले प्लॉट नियमित करण्यासाठी 2001 मध्ये कायदाच करावा लागला. पावसाळ्यात त्या वस्तीत शाळेची पोरं चप्पल हातात घेऊन चिखलातून निघतात. म्हणून हा फेरबदल व्हायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं.

डिसेंबर 2020 मध्ये मुंबई व काही क्षेत्रं सोडून राज्यभर एकच बांधकाम नियमावली लागू झाली. रुंद रस्त्यालगत खाली दुकान, वर घर हे तिच्यात बसतं. फळ्यांचं दुकान करत आलं तेच.

अडचण आहे ती भिंतीला टेकून बसलेल्यांची. सायकल दुरुस्तीवाला, पानठेला, शिलाई मशीनवाली बाई. जागेचा भाव चढला की पहिले उठतात ते हेच. जुने प्लॉटही तोंडाला अरुंद आणि खोल आहेत. नियमाप्रमाणं सामासिक अंतर, म्हणजे इमारतीभोवतीची मोकळी जागा, सोडलं तर दुकानापुरतं फार थोडं उरतं. मग दोन-तीन प्लॉट एकत्र घेणारा मोठा माणूसच बांधू शकतो.

1966 च्या त्याच अधिनियमाच्या कलम 37 प्रमाणे फेरबदलाची सूचना प्रसिद्ध झाली की हरकतींसाठी एक महिना मिळतो आणि शासनाला मंजुरी देताना अटी घालता येतात. दर्शनी बाजूला लहान मापाचे गाळे आणि त्यात आज भिंतीलगत बसणाऱ्यांना पहिला हक्क, ही अट त्या महिन्यातच लेखी मागावी लागेल.