चार्जिंग होतंय, पण प्लेअर दिसत नाही

म्युझिक प्लेअर केबलनं जोडला, त्याच्या स्क्रीनवर बॅटरी भरताना दिसू लागली आणि कॉम्प्युटर मात्र ढिम्म. अशा वेळी लोक आधी ड्रायव्हर शोधू लागतात. त्याआधी केबल बदलून बघावी. यूएसबी २.० च्या केबलमध्ये चार तारा असतात: एक ५ व्होल्टची, एक ग्राउंडची आणि दोन डेटाच्या. फक्त चार्जिंगसाठी विकल्या जाणाऱ्या केबलमध्ये डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात, आणि बाहेरून ते अजिबात कळत नाही.

केबलचं कॉम्प्युटरकडचं चपटं टोक उजेडात धरून आत बघा. चार पट्ट्या दिसतील. कडेच्या दोन जरा पुढपर्यंत आलेल्या, मधल्या दोन आखूड. कडेच्या विजेच्या, मधल्या डेटाच्या. त्यामुळे टोक आत सरकताना आधी वीज पोचते, मग डेटा. जागा झालेला प्लेअर डेटाच्या एका तारेवर १.५ किलोओहमच्या रेझिस्टरमधून व्होल्टेज चढवतो. कोणीतरी आलंय हे कॉम्प्युटरला कळतं ते एवढ्यावरूनच. मग ओळखपाळख होते. ती होईपर्यंत प्लेअरला नियमानं १०० मिलिअँपिअरच घेता येतात, नंतर ५०० पर्यंत. स्वतःचा अ‍ॅडॉप्टर नसलेला हब एका पोर्टला १०० च्या वर देण्याला बांधील नसतो, म्हणून प्लेअर थेट कॉम्प्युटरच्या पोर्टला लावलेला बरा. बॅटरी पार उतरली असेल तर दहा-पंधरा मिनिटं थांबा.

केबल ठीक असूनही अडलं, तर प्लेअरच्या सेटिंगमध्ये यूएसबी मोड बघा. तिथे सहसा एमएससी आणि एमटीपी असे दोन पर्याय असतात. खरा फरक फायलींची वही, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे याची नोंद, कोणाच्या हातात, एवढाच. एमएससीमध्ये प्लेअर आपली मेमरी पेन ड्राइव्हसारखी कॉम्प्युटरच्या हवाली करतो. म्हणूनच बहुतेक प्लेअर जोडलेले असताना गाणी वाजवत नाहीत. एमटीपीमध्ये वही प्लेअरकडेच राहते, कॉम्प्युटर एकेक फाइल मागतो किंवा देतो. विंडोजवर असा प्लेअर दिसतो, पण त्याला ड्राइव्हचं अक्षर मिळत नाही. मॅकला एमटीपी मुळात येतच नाही. वेगळं सॉफ्टवेअर घ्या किंवा एमएससी निवडा. जुन्या आयपॉडची तऱ्हा आणखी निराळी: त्यात पेन ड्राइव्हसारखी टाकलेली गाणी जागा खातात, पण यादीत येत नाहीत, कारण तो फक्त स्वतःचा डेटाबेस वाचतो. तिथे आयट्यून्सला, किंवा नव्या मॅकवर फाइंडरला, पर्याय म्हणून फार काही नाही.

जागेचा हिशेब सोपा आहे. १२८ केबीपीएसचा (सेकंदाला १२८ किलोबिटचा) एमपी३ मिनिटाला साधारण १ एमबी घेतो, ३२० चा २.४ एमबी.

गाणी भलत्याच क्रमानं वाजतात, ही नेहमीची तक्रार. साधे प्लेअर नावं लावून घेण्याच्या फंदात पडत नाहीत. फॅट३२ (प्लेअरच्या मेमरीत फायली मांडायची नेहमीची पद्धत) च्या यादीत जी फाइल आधी नोंदली गेली ती आधी वाजते. फायलींच्या नावाआधी ०१, ०२ लावा आणि रिकाम्या फोल्डरमध्ये त्याच क्रमानं कॉपी करा. फॉरमॅट करायची वेळ आलीच तर ते प्लेअरच्या मेनूतून करावं. कॉम्प्युटरवर चुकून एनटीएफएस ही विंडोजची मांडणी निवडली गेली, तर बहुतेक प्लेअरना ती मेमरी वाचताच येत नाही.

आणि इजेक्ट, म्हणजे केबल काढण्याआधी कॉम्प्युटरला तसं सांगणं, विसरू नका. कॉपीची पट्टी संपली तरी शेवटच्या नोंदी कॉम्प्युटरच्या मेमरीत अडकलेल्या असू शकतात, मॅक आणि लिनक्सवर तर हमखास. तेवढ्यात केबल ओढली की गाणी नाहीत आणि जागाही नाही अशी गत होते. तसं झालंच तर विंडोजमध्ये ड्राइव्हवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज, टूल्स, मग चेक. हरवलेली जागा बहुधा परत मिळते, अर्धवट गाणी मात्र पुन्हा टाकावी लागतात. मॅकवरून कॉपी केल्यावर प्रत्येक गाणं दोनदा दिसलं आणि त्यातलं एक वाजलंच नाही, तर घाबरू नका: टिंब आणि अंडरस्कोरनं सुरू होणाऱ्या त्या चिमुकल्या फायली मॅकनं स्वतःसाठी ठेवलेल्या असतात, खुशाल पुसा.