ठाणे रेल्वे स्थानक
ठाणे हे मध्य रेल्वेच्या मुंबई उपनगरी सेवेतील जंक्शन आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ते सुमारे ३४ किलोमीटरवर आहे. मुख्य मार्ग येथून कल्याणकडे जातो आणि तुर्भे, वाशी, नेरूळ, पनवेलकडे जाणारा ट्रान्स हार्बर मार्ग येथूनच फुटतो. फलाट १ ते १० आणि शिवाय एक १०अ.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून दुपारी निघालेली देशातील पहिली प्रवासी गाडी येथे आली. साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने, १४ डबे, सुमारे ४०० निमंत्रित. मात्र ‘शेवटचे स्थानक’ ही ठाण्याची ओळख जेमतेम वर्षभर टिकली. १ मे १८५४ पासून गाड्या खाडीपूल ओलांडून कल्याणपर्यंत धावू लागल्या.

पुढचा अडसर पारसिकचा डोंगर. जुना मार्ग त्याला वळसा घालून कळवा-मुंब्र्याहून जातो. १९१६ मध्ये सुमारे १.३ किलोमीटरचा पारसिक बोगदा खुला झाला आणि ठाणे-दिवा सरळ वाट मिळाली. नंतर जलद लोकल आणि मेल-एक्सप्रेस दोन्ही या बोगद्यातून जात, धीम्या लोकल वळशाच्या मार्गाने. रुळांच्या एकाच जोडीवर दोन्ही प्रकारच्या गाड्या असल्याने मेल उशिरा आली की तिच्यामागे जलद लोकल अडकत. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली तेव्हा मांडणी फिरली. जलद लोकल कळवा-मुंब्र्याच्या बाजूने टाकलेल्या नव्या रुळांवर गेल्या आणि बोगदा मेल-एक्सप्रेसला उरला. त्यामुळे बोगद्यातला गारवा अनुभवायचा तर आता लांब पल्ल्याची गाडीच धरावी लागते. कळवा आणि मुंब्र्यावरून जलद लोकल जाते, पण गर्दीच्या वेळच्या मोजक्या गाड्या सोडल्या तर थांबत नाही. दिव्याला ती २०१६ अखेरपासून थांबते.

ठाण्याचा चेहरा खरा बदलला तो २००४ मध्ये, ट्रान्स हार्बर सुरू झाल्यावर. तोवर वाशीला लोकलने जायचे तर कुर्ल्याला जाऊन उलट यावे लागे. या मार्गाच्या गाड्या ९, १० आणि १०अ वरून सुटतात. नवख्या प्रवाशाची चूक ठरलेली असते: वाशीला जायचे आणि बसायचे पनवेल गाडीत. दोन्ही वाटा तुर्भेपर्यंत एक आहेत. तेथून वाशीची गाडी सानपाड्याकडे वळते, नेरूळ-पनवेलची जुईनगरकडे. म्हणून चूक लक्षात आली तर तुर्भ्यालाच उतरून मागची गाडी घ्यावी. जानेवारी २०२० मध्ये मध्य रेल्वेची पहिली वातानुकूलित लोकल ठाणे-पनवेल दरम्यानच धावली. प्रतिसाद बेताचा असल्याने तेथील फेऱ्या पुढे काढून घेतल्या गेल्या. ठाणे आणि ऐरोलीदरम्यान दिघा गाव स्थानक जानेवारी २०२४ मध्ये उघडले.

सर्वांत अवघड जागा म्हणजे फलाट ५ आणि ६. जलद मार्गाच्या दोन्ही दिशांचा हा एकच सामाईक फलाट. दोन्हीकडे गाडी लागली की चढणारे, उतरणारे आणि पुलाचा जिना गाठणारे सगळे त्याच पट्ट्यात येतात. फलाट रुंद करायचा तर पाचव्या फलाटाचा रूळ बाहेर सरकवावा लागतो, आणि रूळ सरकला की वरची विजेची तारही त्याच्या मध्यावर आणावी लागते. यासाठी ३०-३१ मे २०२४ च्या मध्यरात्री ६३ तासांचा ब्लॉक (कामासाठी त्या रुळावरची वाहतूक बंद) सुरू झाला. भिंत बांधून भराव घालण्याऐवजी आधीच ओतून तयार ठेवलेले काँक्रीटचे पोकळ ठोकळे क्रेनने रचले, म्हणून काम दिवसांत झाले. फलाट दोन ते तीन मीटरने वाढला. दिलासा आहे, पण जिने होते तेवढेच असतील तर कोंडी फलाटावरून जिन्याच्या पायथ्याशी सरकते.

रविवारी जलद मार्गावर मेगाब्लॉक असला की जलद लोकल धीम्या रुळांवर वळवतात. अशा दिवशी ५-६ वर थांबून राहण्यात अर्थ नसतो. इंडिकेटरपेक्षा उद्घोषणेवर भरवसा ठेवावा आणि पुलावरच थांबावे.

ठाण्याहून सुटणाऱ्या काही लोकल कळवा कारशेडमधून रिकाम्या येतात. कळव्यातले काही प्रवासी शेडच्या तोंडाशी रुळात उभे राहून त्यांत चढतात. हे बेकायदा आणि धोक्याचे आहे, पण सकाळच्या धीम्या लोकलमध्ये कळव्याला पाय ठेवायलाही जागा नसते. त्यामुळे ‘ठाणे लोकल’ फलाटाला लागते तेव्हा खिडक्या आधीच भरलेल्या दिसतात.