दोन मॉनिटर, दोन कार्डं आणि सीमेवर अडकलेली विंडो

‘दोन वेगळ्या कंपन्यांची ग्राफिक्स कार्डं एकाच कॉम्प्युटरमध्ये लावू नका, त्यांचं आपसात पटत नाही,’ असा सल्ला अजूनही छातीठोकपणे दिला जातो. ग्राफिक्स कार्ड म्हणजे मॉनिटरवरचं चित्र तयार करून पाठवणारा भाग. सल्ला अगदीच हवेतला नाही, पण शिळा आहे. विंडोज व्हिस्टाच्या नव्या डेस्कटॉपसाठी सगळ्या कार्डांना एकच ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला कार्ड चालवायला शिकवणारं सॉफ्टवेअर, लागायचा. २००९च्या विंडोज ७मध्ये ती अट गेली. आता अडचण होते ती एकाच कंपनीचं फार जुनं आणि अगदी नवं कार्ड शेजारी बसवल्यावर, कारण दोन्हींना चालेल असा ड्रायव्हरच नसतो.

खरं तर आयबीएमच्या १९८१च्या पहिल्या पीसीतही दोन कार्डं सुखाने नांदत. मोनोक्रोम कार्डाची मेमरी ४ किलोबाइट, रंगीत कार्डाची १६, आणि कॉम्प्युटरच्या मेमरीतले दोन्हींचे ठिकाणांचे पत्ते वेगळे. पुढे व्हीजीए हे नवं ग्राफिक्स मानक आलं, प्रत्येक कार्ड तेच पत्ते मागू लागलं आणि पंचाईत झाली. विंडोज ९८ने त्यातून बऱ्यापैकी वाट काढली.

आता खरी गंमत. कार्डाच्या मेमरीत फ्रेमबफर नावाची जागा असते, तिथे पडद्यावरच्या प्रत्येक पिक्सेलचा रंग लिहिलेला असतो. कार्डातलं एक सर्किट वरच्या डाव्या कोपऱ्यापासून ओळीने हे आकडे वाचतं आणि केबलवर सोडत राहतं, सेकंदाला ६० वेळा. १९२० गुणिले १०८० पिक्सेल, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे एका चित्राचे सुमारे ८३ लाख बाइट आणि सेकंदाला जवळजवळ ५० कोटी. हे वाचन ते कार्ड स्वतःच्याच मेमरीतून करतं.

समजा, गेम ताकदवान कार्डावर चालू आहे आणि तुम्ही त्याची विंडो ओढून दुसऱ्या कार्डाच्या मॉनिटरवर नेली. चित्र काढणारं कार्ड एक, दाखवणारं दुसरं! तयार झालेलं प्रत्येक चित्र पीसीआय एक्सप्रेसवरून, म्हणजे कार्डाला बाकीच्या कॉम्प्युटरशी जोडणाऱ्या रस्त्यावरून, सहसा मुख्य मेमरीत उतरतं आणि तिथून दुसऱ्या कार्डात चढतं. या रस्त्याला एक किंवा अनेक लेन असतात; आवृत्ती ३ची एक लेन सेकंदाला साधारण ९८ कोटी बाइट वाहते, म्हणजे हे ओझं तिला पेलतं. चौपट पिक्सेल असलेल्या फोर-के चित्राचे मात्र सेकंदाला २०० कोटी होतात. मदरबोर्डवरचा दुसरा स्लॉट दिसायला लांबलचक असला तरी आत कधी चार, कधी एकच लेन जोडलेली असते. तिथे गाडी अडते. लेन पुरेशा असल्या तरी या फेऱ्यात थोडा उशीर होतोच, आणि गेम खेळणाऱ्याच्या हाताला तो जाणवू शकतो.

विंडो अर्धी इकडे, अर्धी तिकडे ठेवली तर त्याहून मजा. दोन्ही कार्डांची घड्याळं स्वतंत्र. एक मॉनिटर सेकंदाला ६० वेळा ताजा होतो, दुसरा ५९.९४ वेळा, दर सोळा-सतरा सेकंदांनी पहिला अख्ख्या एका चित्राने पुढे सरकतो. त्यामुळे सीमेवर ठेवलेल्या व्हिडिओत धावणाऱ्या माणसाचं धड आणि पाय क्षणभर जुळत नाहीत. सॉफ्टवेअरने कोणत्या घड्याळाचं ऐकायचं? एकाचं ऐकलं की दुसरीकडे मधूनच एखादं चित्र गळतं किंवा दोनदा दिसतं.

‘दोन कार्डं म्हणजे दुप्पट वेग’ हा समज तर सोडूनच द्या. गेम मुद्दाम तसा लिहिलेला नसेल, तर दुसरं कार्ड फक्त आपला मॉनिटर सांभाळतं. ‘ग्राफिक्स बूस्टर’ म्हणून मिळणारी सॉफ्टवेअरं म्हणजे कॉम्प्युटरच्या दंडावर बांधलेला ताईत!

करून बघायचंच असेल, तर गेमचा मॉनिटर ताकदवान कार्डालाच जोडा. दुसरं कार्ड म्हणून प्रोसेसरमधलं ग्राफिक्स वापरणार असाल आणि मदरबोर्डच्या पोर्टवर काहीच दिसत नसेल, तर बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये, डोकवा; वेगळं कार्ड बसवलं की बरेच मदरबोर्ड आतलं ग्राफिक्स बंद करतात. आणि त्याआधी कार्डाची मागची बाजू बघा. आजची बरीच कार्डं एकटीच तीन-चार मॉनिटर चालवतात.