ओझोनने आसवनीच्या सांडपाण्यावरील प्रक्रिया: पार्श्वभूमी

मळी आंबवून एक लिटर मद्यार्क काढला की साधारण ८ ते १५ लिटर स्पेंट वॉश उरतो. तो गडद तपकिरी आणि आम्लधर्मी असतो, आणि त्याची रासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजेच सीओडी (पाण्यातील सेंद्रिय घाणीच्या पूर्ण ऑक्सिडीकरणाला लागणारा ऑक्सिजन), अनेकदा लिटरमागे १ लाख मिलिग्रॅमच्या घरात जाते. अशा पाण्यावर ओझोनचा विचार बराच उशिरा सुरू झाला, कारण ओझोनची ओळख आधी पिण्याच्या पाण्यातून झाली होती.

बाझेलचे रसायनशास्त्रज्ञ श्योनबाइन यांनी १८४० च्या सुमारास उग्र वासावरून हा वायू ओळखला आणि १८५७ मध्ये वेर्नर फॉन सीमेन्स यांनी विद्युत विसर्गाने तो तयार करण्याचे उपकरण बनवले. त्यानंतर १८९३ मध्ये नेदरलँड्समधील औडशूर्न येथे आणि १९०६ मध्ये फ्रान्समधील नीस येथे तो जंतुनाशक म्हणून पाणीपुरवठ्यात आला. तिथे लिटरमागे काही मिलिग्रॅम ओझोन पुरतो.

आसवन्यांनी स्वाभाविकपणे आधी जिवाणूंचा आधार घेतला. ऑक्सिजनविरहित पचनाने सीओडीचा मोठा भाग घटतो आणि बायोगॅसही मिळतो; रंग मात्र तसाच राहतो, कधी अधिक गडदही होतो. हा रंग मुख्यतः मेलॅनॉइडिनांचा. साखर आणि अमिनो आम्ले तापली की ती तयार होतात, आणि या अभिक्रियेचे वर्णन लुई कामिय मायार यांनी १९१२ मध्ये केले होते. या मोठ्या रेणूंना जिवाणू सहज तोडू शकत नाहीत. असे पाणी नदीनाल्यात गेले तर सूर्यप्रकाश खोलवर पोहोचत नाही आणि जलवनस्पतींचे प्रकाशसंश्लेषण मंदावते, म्हणून रंगाचा प्रश्न केवळ दिसण्याचा मानता येत नाही.

नेमके इथेच ओझोन उपयोगी पडतो. तो रंग देणाऱ्या रचनांमधील कार्बनचे दुहेरी बंध तोडतो, त्यामुळे रंग झपाट्याने उतरतो; सीओडी मात्र त्या मानाने थोडीच घटते, कारण रेणूंचे तुकडे पाण्यातच राहतात. हे ओझोनचे अपयश मानणे मला चुकीचे वाटते. ते लहान तुकडे जिवाणूंना पचवता येतात, आणि म्हणूनच पचनानंतर ओझोन व त्यापुढे पुन्हा हवेशीर जैविक टप्पा, अशी मांडणी संशोधनात पुढे आली.

सगळे काम ओझोनवर सोपवणे का परवडत नाही, हे साध्या हिशेबाने कळते. लिटरभर मद्यार्कामागे १० लिटर स्पेंट वॉश धरला, तर त्यात सुमारे १ किलो सीओडी असते. ती पूर्ण घालवायला, ओझोनमधला प्रत्येक अणू कामी आला तरी, किमान १ किलो ओझोन लागेल, आणि तो बनवायला साधारण १० युनिट वीज. त्या लिटरभर मद्यार्काच्या ज्वलनातून मात्र सुमारे ६ युनिटांइतकीच ऊर्जा मिळते.

शिवाय पचनानंतरच्या पाण्यातील बायकार्बोनेटे ओझोनपासून बनणारे हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे घाण तोडणारे अतिक्रियाशील कण, गिळून टाकतात, वायू सोडताना फेस उसळतो, आणि पोटॅशसारखे विरघळलेले क्षार ओझोनने मुळीच कमी होत नाहीत. त्यांच्यासाठी बाष्पीभवन किंवा पडदा-गाळणीसारखा वेगळा टप्पा ठेवावाच लागतो.