बंगळूर पाहायचे आहे: दर्शनाची बस घ्यावी की दिवसाचा पास?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातून बंगळूरला गेलेली माणसे बहुधा मॅजेस्टिक परिसरात उतरतात आणि समोरच्या केंपेगौडा शहर बसस्थानकावर जाऊन ‘दिवसभर फिरायचे तिकीट’ मागतात. या मागणीचे दोन अर्थ होतात, कारण शहराची बससेवा चालवणारी बीएमटीसी ही संस्था दिवसभराचा पासही देते आणि ‘बेंगळुरू दर्शिनी’ या नावाची पर्यटन बसही सोडते. दोन्हींची नावे एकाच बसस्थानकावर ऐकू येतात, दोन्ही एका दिवसापुरत्या असतात आणि दोन्हींचे पैसे एकदाच मोजायचे असतात. एवढ्यावरून त्या सारख्याच समजल्या जातात. प्रत्यक्षात त्यांत फार अंतर आहे.

दिवसाचा पास हा केवळ प्रवासाचा परवाना होय. साध्या बससाठीच्या पासाची किंमत जानेवारी 2025 च्या दरवाढीत 70 रुपयांवरून 80 रुपये झाली. तो काढल्यावर त्या दिवशी शहरातील साध्या बसमध्ये कितीही वेळा चढता-उतरता येते. मात्र कुठे जायचे, कोणत्या क्रमांकाची गाडी धरायची आणि कुठे उतरायचे हे सर्व आपणच ठरवावे लागते. ‘वज्र’ या वातानुकूलित बसमध्ये हा पास चालत नाही. तिच्यासाठी वेगळा आणि अधिक किमतीचा पास असतो. मॅजेस्टिकला साधी बस आणि वज्र एकापाठोपाठ लागतात, आणि गर्दीत ही चूक हमखास होते.

दर्शिनीचे तिकीट काढले म्हणजे एका ठरावीक गाडीतील जागा आणि स्थळांचा आधीच ठरलेला क्रम आपण विकत घेतो. ही वातानुकूलित गाडी सकाळी निघते, साधारणपणे इस्कॉन मंदिर, टिपू सुलतानाचा उन्हाळी महाल, बसवनगुडीचे नंदी मंदिर, हलसूर तलाव, कब्बन पार्क, विश्वेश्वरय्या संग्रहालय अशा ठिकाणी प्रवाशांना नेते आणि सायंकाळी परत आणून सोडते. एखाद्या स्थळी मन रमले म्हणून मागे राहून पुढच्या दर्शिनीत चढू, असे करता येत नाही. लग्नाच्या वऱ्हाडाप्रमाणे सर्वांनी एकत्र उतरायचे आणि एकत्र चढायचे असते. स्थळांची यादी व वेळ अधूनमधून बदलते, म्हणून त्या दिवशी गाडी कुठे कुठे थांबणार आणि प्रवेश शुल्क तिकिटात धरले आहे की नाही, हे खिडकीवरच विचारून घ्यावे. पर्यटन बस म्हटली की रेशमी वस्त्रांच्या दुकानापाशी एखादा थांबा असतोच. ज्यांना साडी घ्यायची आहे त्यांना तो आवडतो, इतरांचा वेळ मात्र फुकट जातो.

पासाचा हिशेब करताना या भागातील कुटुंबांना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. 11 जून 2023 पासून सुरू असलेल्या शक्ती योजनेनुसार कर्नाटकातील रहिवासी महिलांना राज्यांतर्गत साध्या सरकारी बसमध्ये भाडे द्यावे लागत नाही, आणि ही सवलत बंगळूरच्या शहर बसलाही लागू आहे. म्हणजे खानापूरच्या आईने साध्या बसचा पास काढणे व्यर्थ आहे. पत्ता असलेले ओळखपत्र दाखवून वाहकाकडून शून्य रकमेचे तिकीट घेतले की झाले. तिच्यासोबत चंदगडहून आलेल्या मावशीला मात्र ही सवलत मिळणार नाही, कारण तिच्या ओळखपत्रावर महाराष्ट्रातील पत्ता आहे. तिने आणि घरातील पुरुषांनी पास घ्यावा किंवा प्रत्येक वेळी तिकीट काढावे. सीमेच्या दोन्ही बाजूंना नातेवाईक असलेल्या घरांत असा मिश्र गट नेहमीच निघतो. दर्शिनी वातानुकूलित पर्यटन सेवा असल्याने तिला शक्ती योजना लागू होत नाही, आणि तिथे आई व मावशी दोघींनाही पूर्ण तिकीट पडते. चार-पाच महिलांच्या गटाला दर्शिनी महाग वाटते ती मुख्यतः यामुळे.

दोन्हींपैकी काहीही घेतले तरी मेट्रोचे भाडे त्यात नसते. मेट्रोचे तिकीट, कार्ड व पास सर्वस्वी निराळे आहेत. बसचा पास दाखवून मेट्रोच्या दारातून आत जाता येत नाही. असे असूनही, माझ्या मते शहराचा मध्यभाग पाहण्यासाठी मेट्रोच सर्वांत सोयीची आहे. मॅजेस्टिकला जांभळी आणि हिरवी अशा दोन मार्गिका एकमेकींना मिळतात. हिरव्या मार्गिकेवर दक्षिणेकडे गेल्यास के. आर. मार्केट स्थानकापासून टिपूचा महाल जवळ आहे, नॅशनल कॉलेज स्थानकावरून पायी पंधरा-वीस मिनिटांत नंदी मंदिर गाठता येते आणि त्यापुढचे स्थानक लालबागेचेच आहे. हैदर अलीने 1760 मध्ये सुरू केलेली ही बाग सुमारे 240 एकरांची असून तिथल्या खडकाचे वय अंदाजे तीन अब्ज वर्षे मानले जाते. अशा ठिकाणी घड्याळ पाहत फिरणे मला तरी पटत नाही. जांभळ्या मार्गिकेवर पूर्वेकडे विधान सौध आणि कब्बन पार्क ही लागोपाठची स्थानके आहेत. बेळगावातील विधिमंडळाची इमारत, म्हणजे सुवर्ण विधान सौध, पाहून मोठी झालेली तिथली मुले 1956 मध्ये पूर्ण झालेली मूळ इमारत पाहायला उत्सुक असतात, आणि दर्शिनीच्या खिडकीतून ती पाहण्यापेक्षा समोर उभे राहून पाहिलेली बरी.

ही स्थळे जवळजवळ असल्याने बसचे भाडे थोडेच होते, आणि एवढेच पाहायचे असेल तर 80 रुपयांचा पास वसूल होईलच असे नाही. पास खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो तो बन्नेरघट्टा जैविक उद्यानासारख्या लांबच्या ठिकाणासाठी. मॅजेस्टिकपासून सुमारे 22 किलोमीटरवरील हे उद्यान दर्शिनीच्या शहर फेरीत येत नाही, पण 365 क्रमांकाची बस तिथवर जाते. सकाळी बन्नेरघट्टा, परतताना लालबाग आणि सायंकाळी बाजार असा दिवस काढणाऱ्याला पास नक्कीच परवडतो. मंगळवारी हे उद्यान बंद असते, तेव्हा वार पाहूनच निघावे.

दर्शिनी निरर्थक आहे, असा याचा अर्थ नाही. सोबत वृद्ध माणसे असतील, जिने चढणे किंवा रस्ता ओलांडणे त्यांना जड जात असेल, तर दारापाशी सोडून पुन्हा बसवून घेणारी एकच गाडी सर्वांत उत्तम. एकाच दिवसात शहराची तोंडओळख करून घेऊन रात्रीच्या गाडीने परतणाऱ्यांनाही ती चांगली. फलकांवर कन्नड आणि इंग्रजीच दिसत असल्याने या दोन्ही भाषा न वाचता येणारे नातेवाईक पासावर गोंधळतात, दर्शिनीत मात्र निर्धास्त बसतात. आपल्याकडील बहुतेक तरुण शाळेत कन्नड शिकलेले असल्यामुळे त्यांना ही अडचण फारशी येत नाही.

कोणत्या गाडीने बंगळूरला पोहोचणार, यावरही निवड अवलंबून असते. राणी चन्नम्मा एक्स्प्रेससारख्या रात्रीच्या गाडीने पहाटे-सकाळी पोहोचणाऱ्याला दर्शिनी गाठता येते. ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झालेली बेळगाव–बंगळूर वंदे भारत दुपारी पोहोचते, तोवर दर्शिनी निघून गेलेली असते. अशा वेळी उरलेल्या दिवसासाठी पासही काढू नये. मेट्रोने कब्बन पार्क व विधान सौध पाहून घ्यावे, दर्शिनीचे दुसऱ्या दिवसाचे आरक्षण त्याच सायंकाळी करावे, आणि पास घ्यायचा असल्यास तो सकाळी पहिल्या बसमध्ये चढल्यावर वाहकाकडून घ्यावा, कारण त्याचा उपयोग त्याच दिवसापुरता असतो.