उंदराचे पुनःसंयोजी जीएम-सीएसएफ

ग्रॅन्युलोसाइट-मॅक्रोफेज कॉलनी स्टिम्युलेटिंग फॅक्टर, म्हणजेच जीएम-सीएसएफ, या उंदराच्या संकेतवाहक प्रथिनाची जिवाणूंकडून करून घेतलेली प्रत. वापर फक्त संशोधनापुरता. हे औषध नव्हे. अस्थिमज्जेतल्या कोवळ्या पेशींना ‘वाढा आणि पांढऱ्या पेशी व्हा’ हा निरोप हे प्रथिन देते. त्याचा जनुक १९८४ मध्ये मेलबर्नमध्ये वेगळा केला गेला.

‘पुनःसंयोजी’, म्हणजे एका जीवाचा जनुक दुसऱ्यात घालून बनवलेले. शब्द जड असला तरी खानदेशात हे तंत्र बांधावरचे आहे. २००२ मध्ये भारतात परवानगी मिळालेला बीटी कापूस त्याचाच. मात्र कापसात परका जनुक झाडातच राहतो. इथे उंदराचा जनुक ई. कोलाय जिवाणूत घालतात, प्रथिन काढून घेतात आणि जिवाणू फेकून देतात. साखळी लहान, १२४ ॲमिनो आम्लांची, वजन सुमारे १४ किलोडाल्टन (रेणूंचे वजन मोजायचे एकक). मूळ प्रथिनावर शर्करा चिकटलेली असते. जिवाणू ती लावत नाहीत, तरी काम अडत नाही.

खरी डोकेदुखी एंडोटॉक्सिनची. जिवाणूच्या भित्तिकेतला हा अंश प्रतिकारपेशींना स्वतःच चेतवतो, आणि प्रथिनाचा म्हणून नोंदलेला परिणाम भलत्याचाच निघतो. म्हणून कुपीवरचा एंडोटॉक्सिनचा आकडा शुद्धतेच्या टक्क्याआधी वाचावा.

माणसाचे जीएम-सीएसएफ उंदराच्या पेशींवर चालत नाही, उंदराचे माणसाच्या पेशींवर नाही. दोघांच्या साखळ्या जेमतेम निम्म्याहून थोड्या जास्त जुळतात. मागणीपत्रात ‘उंदीर’ लिहायचे राहिले की महिन्याचे काम पाण्यात.

उंदराच्या मांडीचे हाड दोन्ही टोकांनी कापून सुईने द्रव सोडला, की मज्जेचा लालसर धागा बाहेर येतो. त्या पेशींना मिलिलिटरमागे साधारण २० नॅनोग्रॅम जीएम-सीएसएफ दिले, की आठवडाभरात शाखीय पेशी (डेंड्रिटिक सेल, म्हणजे जंतूंची ओळख इतर प्रतिकारपेशींना करून देणाऱ्या पेशी) तयार होतात. ही रीत १९९२ मध्ये कायो इनाबा आणि राल्फ स्टाइनमन यांच्या गटाने मांडली. या हिशेबाने १० मायक्रोग्रॅमची कुपी अर्धा लिटर संवर्धनद्रवाला, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवाला, पुरते.

एवढीशी भुकटी डोळ्याला दिसतही नाही. नवखा विद्यार्थी कुपी रिकामी समजतो. उघडण्याआधी ती सेंट्रिफ्यूजमध्ये (वेगाने गरगर फिरवणाऱ्या यंत्रात) फिरवून झाकणाला चिकटलेले तळाशी आणावे. कोरडी भुकटी प्रवासातले थोडे दिवस निभावते. विरघळवल्यावर मात्र जळगाव-भुसावळचा ४४-४५ अंशांचा मे महिना आणि मध्येच जाणारी वीज, दोन्ही नडतात. पुन्हापुन्हा वितळून गोठले की प्रथिन निकामी होत जाते. त्यामुळे पहिल्याच दिवशी एकेका प्रयोगापुरते वाटे पाडून उणे ८० अंशांवर ठेवतात, आणि तो फ्रीजर जनरेटरच्या लाइनवर घेतात.